मासा पायाशी येऊन सुटतो: स्पिनिंग रॉडची पॉवर आणि अ‍ॅक्शन कशी तपासावी

गेल्या वर्षी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत माझ्या गळाला नऊ मासे लागले. त्यांपैकी सात मासे काठापासून पाच-सहा मीटरांच्या आत, म्हणजे पाण्यात त्यांची चंदेरी कूस दिसू लागल्यावर आणि माझा दुसरा हात जाळीकडे गेल्यावर सुटले. चार चोणक (जिताडे) होते, दोन तांबोशी होत्या आणि एक काय होते ते कळलेच नाही. सुटलेला मासा नेहमी मोठाच असतो हे खरे, तरी सातांपैकी सातही त्याच अंतरावर सुटावेत हे केवळ नशिबावर ढकलण्यासारखे नव्हते. मी वहीत नोंद ठेवत होतो, त्यामुळे हा आकडा समोर तरी आला. नोंद नसती तर दर वेळी मी गळालाच दोष देत राहिलो असतो.

दोष गळाला दिला होताच. आधी गळ बदलले, मग लीडर (लाइन आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा) बदलला, मग गाठ नव्याने शिकलो आणि शेवटी रीळही बदलले. त्यात बरेच पैसे गेले, पण मासे सुटायचे थांबले नाहीत. ज्या वस्तूकडे मी पाहिलेच नव्हते ती माझ्या हातात होती. सात फुटी, मीडियम हेवी पॉवरचा, एक्स्ट्रा फास्ट अ‍ॅक्शनचा कार्बन रॉड होता. त्यावर ल्युअरचे (कृत्रिम आमिषाचे) वजन 14 ते 42 ग्रॅम आणि लाइन 15 ते 30 पौंड असे छापलेले होते. आणि मी त्यावर 20 पौंडांची ब्रेडेड लाइन लावून 12 ग्रॅमचा, दोन छोटे तिहेरी गळ असलेला मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा ल्युअर, फेकत होतो. एवढ्या दोन ओळी शेजारी शेजारी वाचल्या तरी चूक दिसायला हवी होती. ती मला गोव्यातल्या चोडण बेटावर, एका मानशीवर (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दरवाजावर), दुसऱ्याच माणसाने दाखवली.

मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात घेतलेला असतो, म्हणून तिथे परवानगी घेतल्याशिवाय उभे राहू नये. मी ज्यांच्याकडून परवानगी घेतली ते काका स्वतः हातात चिवारीची (बारीक बांबूची) काठी आणि जाड तंगूस (नायलॉनची दोरी) घेऊन, गळाला जिवंत सुंगट (कोळंबी) लावून बसलेले होते. ओहोटी लागली होती, खाजनातले (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीतले) पाणी दरवाजातून नदीत जोराने ओतत होते आणि त्या पाण्याबरोबर वाहत येणारी पिल्ले व सुंगटे खायला चोणक तोंडाशी आले होते. माझ्या मिनोला एक चोणक लागला, दोनदा उडाला, जवळ आला, काठाशी येऊन एकदा मान झटकली आणि मिनो माझ्या खांद्यावरून मागे गेला. काका शांतपणे म्हणाले, “बाबा, तुझी काठी नुसती टोकाशी मान हलवते. तो झटकतो तेव्हा ती त्याच्याबरोबर जात नाही.” त्यांची काठी मासा लागताच मुठीपर्यंत कमानीसारखी वाकत होती आणि मासा झटके देत असताना कमान लहान-मोठी होत होती, पण सरळ कधीच होत नव्हती. काकांनी पॉवर आणि अ‍ॅक्शन हे शब्द कधी ऐकले नसावेत. निदान मात्र अचूक होते.

दोन शब्द, दोन वेगळे प्रश्न

बहुतेक घोटाळा इथे होतो, म्हणून यावर थोडे थांबतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे जोर लावल्यावर रॉड कुठून वाकतो. पहिला प्रश्न ‘किती’ असा आहे आणि दुसरा ‘कुठे’ असा आहे. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी ही पॉवरची नावे आहेत. एक्स्ट्रा फास्ट, फास्ट, मॉडरेट फास्ट, मॉडरेट आणि स्लो ही अ‍ॅक्शनची नावे आहेत. फास्ट रॉड वरच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागात वाकतो आणि त्याखालचा भाग जवळजवळ सरळ राहतो, मॉडरेट रॉड अर्ध्यापर्यंत वाकतो आणि स्लो रॉडची कमान मुठीपर्यंत उतरते. जपानी पद्धतीच्या लेबलांवर मॉडरेटच्या जागी ‘रेग्युलर’ हा शब्द दिसतो, अर्थ तोच आहे.

‘फास्ट’ म्हणजे कडक हा समज मीही अनेक वर्षे बाळगला होता. तो चुकीचा आहे, कारण अल्ट्रालाइट पॉवरचा फास्ट रॉड असतो आणि हेवी पॉवरचा मॉडरेट रॉडही असतो. कळकाची जाड काठी आणि चिवारीची बारीक काठी यांच्यातला फरक पॉवरचा आहे. एकाच जाडीच्या दोन काठ्यांपैकी एक टोकाकडे एकदम निमुळती तासली आणि दुसरी बुंध्यापासून हळूहळू निमुळती केली, तर त्यांच्यातला फरक अ‍ॅक्शनचा आहे. दुकानात टोक बोटाने हलवून “वा, केवढा लवचीक आहे” म्हणणारा माणूस फक्त वरचे फूटभर तपासत असतो, आणि तेवढ्यावरून ना पॉवर कळते, ना अ‍ॅक्शन.

यात आणखी एक अडचण आहे. या नावांना कुठलेही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियम हेवीएवढा निघू शकतो, आणि समुद्रासाठी बनवलेला मीडियम हा गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या मीडियमपेक्षा सहसा दांडगा असतो. म्हणून लेबलावरच्या अक्षरांपेक्षा त्याच लेबलावरचे ल्युअरच्या वजनाचे आकडे अधिक उपयोगी पडतात. हे आकडे औंसात असतील तर एक औंस म्हणजे 28.35 ग्रॅम धरावे. पाव औंस म्हणजे सुमारे 7 ग्रॅम आणि अर्धा औंस म्हणजे सुमारे 14 ग्रॅम. माझा अनुभव असा की छापलेल्या मर्यादेच्या दोन्ही टोकांना रॉड नीट चालत नाही. 10 ते 30 ग्रॅम लिहिलेला रॉड 15 ते 24 ग्रॅमला खुलतो.

लाइनच्या आकड्याबाबतही सावधगिरी बाळगावी. पौंडांत दिलेली मर्यादा बहुतेक वेळा नायलॉनच्या लाइनसाठी असते, तर ब्रेडेड लाइनसाठी ‘पीई’ असा आकडा छापलेला असतो. पीई हा मुळात जाडीचा आकडा आहे, ताकदीचा नव्हे. पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर जाडी, आणि त्याच जाडीच्या दोन कंपन्यांच्या लाइनींची ताकद वेगवेगळी असू शकते. पूर्वी जोर जास्त झाला तर तंगूस तुटत असे आणि काठी वाचत असे. आता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत मावणारी ब्रेडेड लाइन एवढी मजबूत असते की सगळ्यात कमजोर वस्तू रॉडच ठरतो.

शेवटच्या पाच मीटरांतच का?

मासा दूर असताना आपल्या आणि माशाच्या मध्ये तीस-चाळीस मीटर लाइन असते. ती पाण्यात थोडा पोट धरते, पाण्याचा विरोध तिला ओढतो, आणि नायलॉन असेल तर ती स्वतः बरीच ताणली जाते. माशाने मान झटकली तर तो झटका या सगळ्यात विरतो. मासा पायाशी आला की लाइन उरते पाच मीटर. ब्रेडेड लाइन तर जवळजवळ ताणलीच जात नाही. मग झटका विरवायला उरतो फक्त रॉड, आणि त्याच्या मागे रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीला लाइन सोडणारा ब्रेक. पण ड्रॅग सुटायला क्षणभर उशीर लागतो, आणि चोणकाची मान त्या क्षणात दोनदा हलून झालेली असते.

इथे एक्स्ट्रा फास्ट रॉड काय करतो ते पाहण्यासारखे आहे. त्याचे मऊ टोक पहिल्याच ओढीला पूर्ण वाकून जाते आणि त्याखालचा कडक भाग समोर येतो. म्हणजे माशाने अर्धा फूट जरी तोंड ओढले तरी जोर एकदम वाढतो, आणि तोंड उलट दिशेला आणले की लाइन सैल पडते. छोट्या तिहेरी गळाचे टोक माशाच्या ओठाच्या कडेला जेमतेम रुतलेले असते. एकदा एकदम वाढलेल्या ओढीने भोक मोठे होते, मग सैल पडलेल्या लाइनमुळे गळ त्या भोकातून निसटतो. चोणक हवेत उडतो तेव्हा हेच दुप्पट वेगाने घडते, शिवाय मिनोचे वजनही गळाला हिसके देत असते. मॉडरेट किंवा मॉडरेट फास्ट रॉड अर्ध्यापर्यंत वाकलेला असल्यामुळे त्याच्या टोकाला दोन्ही दिशांना जायला जागा असते. ओढ वाढते पण हळूहळू वाढते, आणि मासा जवळ आला तरी ताण शून्यावर येत नाही. काकांच्या चिवारीच्या काठीत नेमके हेच घडत होते.

म्हणून तिहेरी गळ लावलेले मिनो, क्रँकबेट, छोटे पॉपर यांच्यासाठी माझी पहिली पसंती मॉडरेट फास्टला आहे. एकेरी, जाड तारेचा गळ असलेल्या जिगहेडची (वजनदार डोक्याच्या गळाची) आणि रबरी माशाची गोष्ट याच्या उलट आहे. तो गळ चोणकाच्या कठीण तोंडात रुतवायला एकच ठाम झटका द्यावा लागतो, रबरातून गळ बाहेर यायला हवा असतो, आणि तळाशी जिग आपटतो की नाही हे हाताला कळायला हवे असते. तिथे मऊ कमानीचा रॉड झटका स्वतःच गिळून टाकतो. त्या कामाला फास्टच बरा.

घरी करता येईल अशी तपासणी

रॉड बांधणारे लोक पॉवर मोजायला एक साधी युक्ती वापरतात, ती घरात करता येते. रॉडची मूठ टेबलावर जमिनीला समांतर घट्ट धरून ठेवावी, बहुधा घरातल्या एखाद्याला त्यावर हात दाबून बसवावे लागते. टोकाच्या गाइडमधून (लाइन ओवायच्या कड्यातून) लाइन काढून तिला प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि त्या पिशवीत थोडे थोडे पाणी ओतत जावे. टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश अंतराने खाली आले की थांबावे. सात फुटी रॉडसाठी हे अंतर 28 इंच होते. मग पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यावे. हे झाले पॉवरचे माप. त्याच अवस्थेत बाजूने मोबाइलवर एक फोटो काढावा आणि कमान कुठून सुरू होते ते पाहावे. ते झाले अ‍ॅक्शनचे माप.

एका रॉडच्या वजनाने काही कळत नाही. दोन-तीन मित्रांचे रॉड एकाच संध्याकाळी मोजले की चित्र स्पष्ट होते. आम्ही माझ्या घराच्या व्हरांड्यात पाच रॉड मोजले. त्यांतले दोन मीडियम म्हणवणारे होते आणि एकाला दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट पाणी लागले. माझ्या मीडियम हेवी रॉडला सर्वांत जास्त पाणी लागले हे अपेक्षितच होते. मात्र फोटोत त्याची कमान बहुतेक टोकाकडेच दिसली आणि मुठीकडचा भाग जवळजवळ टेबलाच्या कडेसारखा सरळ होता. आईने ते पाहून विचारले, की वाकणार नाही तर एवढा लांब कशाला घेतलास. उत्तर माझ्याकडे नव्हते.

दुसरी तपासणी ड्रॅगची. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ड्रॅग ठेवावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. 20 पौंड म्हणजे सुमारे 9 किलो, त्याचा पाव भाग म्हणजे सव्वादोन किलो. लाइनच्या टोकाला स्प्रिंगचा लटकता काटा बांधून, रॉड वाकलेला ठेवून ओढायचे आणि लाइन सुटू लागते तेव्हाचा आकडा वाचायचा. रॉड सरळ ठेवून मोजू नये, कारण वाकलेल्या रॉडवर गाइडांच्या घर्षणामुळे प्रत्यक्ष ओढ वाढते. मी हाताच्या अंदाजाने लावलेला ड्रॅग साडेतीन किलो निघाला. म्हणजे कडक रॉड, न ताणली जाणारी लाइन आणि आवळलेला ड्रॅग असे तिन्ही दोष एकाच बाजूला जमले होते. मासे सुटले यात नवल नाही, दोन हाताला लागले यातच नवल आहे.

लक्षण कोणते, कारण कोणते

मासा काठाशी सुटत नसेल, पण फेक कमी पडत असेल तर प्रश्न पॉवरचा आहे. ल्युअर हलका असला की रॉड फेकताना वाकतच नाही, म्हणजे त्याच्यातली स्प्रिंग कामाला येत नाही, आणि माणूस दंडाच्या जोरावर फेकू लागतो. खांदा दुखतो, रिळावर लाइनचे वेटोळे सैल बसतात आणि दहा-पंधरा फेकींनंतर एक मोठी गुंतवळ बाहेर येते. आपल्याकडे मार्च ते मे या काळात दुपारनंतर वायव्येकडून जोराचा वारा येतो, तेव्हा मिरामार किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर हा दोष ठळक दिसतो. लोक जास्त लांब रॉड घ्यायला निघतात. लांबीने फरक पडतो, नाही असे नाही, पण माझा 12 ग्रॅमचा मिनो 14 ग्रॅमपासून सुरू होणाऱ्या रॉडला लांबी वाढवूनही वाकवणार कसा? उलट दिशेचा दोष म्हणजे रॉडच्या मर्यादेपेक्षा जड ल्युअर: रॉड मागेच वाकून राहतो, ल्युअर उशिरा आणि आडवातिडवा सुटतो, आणि एखाद्या फेकीला ‘फट्’ असा आवाज येतो. आवाज लाइनचा असेल तर ल्युअर गेला, रॉडचा असेल तर सगळेच गेले.

चावा कळतो, झटका देतो, आणि काहीच लागत नाही, असे होत असेल तर आधी गळाची धार नखावर घासून पाहावी. धार ठीक असेल आणि तुम्ही एकेरी गळाचा जिग वापरत असाल, तर रॉड जास्त मऊ असण्याची शक्यता मोठी आहे. याला एक अपवाद आहे. सुंगट लावून सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरत असाल तर झटका देणेच चूक आहे. तो गळ मासा वळून जाऊ लागल्यावर स्वतःच तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, आणि त्यासाठी हळूहळू वाकत जाणारा रॉडच हवा. झटका देण्याची सवय जात नसेल तर सर्कल हुकचा नाद सोडावा, असे मी स्पष्टच सांगेन.

काळुंदरासारखा लहान तोंडाचा मासा असेल, तर वरचे सगळे विसरावे. तिथे लाइट किंवा अल्ट्रालाइट रॉड, पातळ लाइन आणि मऊ टोक यांना पर्याय नाही. मीडियमवर काळुंदर लागला तर तो लागल्याचे कळतही नाही.

मासा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत खारफुटीच्या मुळांत किंवा पुलाच्या खांबाला चिकटलेल्या कालवांत घुसून लाइन कापतो, या लक्षणाचे कारण काठाशी सुटण्याच्या बरोबर उलट आहे, आणि इथे मी दुसऱ्यांदा फसलो. चोडणच्या प्रसंगानंतर मी उत्साहाने मीडियम लाइट पॉवरचा मॉडरेट रॉड घेतला. काठाशी मासे सुटायचे खरोखर कमी झाले, आणि मग एका सकाळी कुंभारजुव्याच्या कालव्यात, होडीतून, खारफुटीच्या अगदी बुडाशी टाकलेल्या मिनोला तांबोशी लागली. रॉड मुठीपर्यंत सुंदर कमानीत वाकला आणि त्या कमानीचा फायदा घेऊन तांबोशी आरामात मुळांत गेली. तांबोशी लांब धावत नाही. ती घेते आणि घरात परतते, आणि पहिल्या दोन सेकंदांत तिला थांबवले नाही तर पुढे काही करण्यासारखे उरत नाही. तिला थांबवणारी शक्ती रॉडच्या खालच्या अर्ध्या भागात असावी लागते, म्हणजे पॉवर जास्त हवी. अशा जागी मीडियम हेवी फास्ट रॉड, थोडा आवळलेला ड्रॅग आणि तिहेरीऐवजी जाड एकेरी गळ असा मेळ बसतो. ज्या रॉडला मी वर एवढी नावे ठेवली, तो याच कामासाठी बनवलेला होता. मी त्याला नको त्या जागी उभे केले होते. (त्या कालव्यात मगरी आहेत, हेही सांगून ठेवतो. काठावर बसून पाण्यात पाय सोडून मासे धरण्याची ती जागा नव्हे.)

रॉडचे टोक पुन्हा पुन्हा तुटत असेल तर पॉवर बदलण्याआधी स्वतःची उभे राहण्याची पद्धत बदलावी. मासा पायाशी आल्यावर रॉड डोक्यामागे नेला की सगळा भार वरच्या बारीक फूटभरावर येतो, आणि कार्बन तिथे कट्कन तुटतो. फास्ट रॉड यात अधिक लवकर बळी पडतो, कारण त्याची कमान मुळातच टोकाशी असते. जेटीवरून दीड-दोन किलोचा मासा रॉडनेच वर उचलणारे लोक मी दर रविवारी पाहतो. रॉड म्हणजे विहिरीवरचा रहाट नव्हे. दोरी बांधलेली जाळी खाली सोडावी, किंवा हातमोजा घालून लीडर धरून मासा वर घ्यावा. काचतंतूंचा म्हणजे फायबरग्लासचा रॉड असा छळ अधिक सोसतो, तो जड असतो आणि चावाही कमी कळवतो, पण नवशिक्याला किंवा मुलाला द्यायला तोच ठीक. कार्बनमधून वीज वाहते हेही लक्षात ठेवावे; मे महिन्यात वळवाचे ढग गडगडू लागले की रॉड आडवा ठेवून काठावरून निघावे, आणि विजेच्या तारांखाली तर तो कधीच उभा धरू नये.

लाइन वारंवार एकाच अंतरावर तुटत असेल तर पॉवर-अ‍ॅक्शनचा काही संबंध नाही. गाइडच्या आतल्या कड्याला तडा गेला असेल. कापसाचा बोळा प्रत्येक कड्यातून फिरवून पाहावा, तंतू अडकले की दोष सापडला.

नवा रॉड घेताना

दुकानात जाताना आपले रीळ, आपली लाइन आणि नेहमीचा ल्युअर बरोबर न्यावा. लाइन गाइडांतून ओवून दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावी, त्याने ती समोरून हळूहळू ओढावी आणि आपण कमान कुठपर्यंत उतरते ते पाहावे. टोक हाताने धरून खाली वाकवू नये. अशाने दुकानातच रॉड मोडल्याची उदाहरणे आहेत, आणि मग भरपाई कोणी करायची यावर होणारा वाद कोणालाच नको असतो. ऑनलाइन मागवत असाल तर ल्युअरच्या वजनाचा आकडा पहिल्यांदा वाचावा, पॉवरचे अक्षर दुसऱ्यांदा वाचावे, आणि वर्णनात अ‍ॅक्शनचा उल्लेखच नसेल तर तो रॉड सोडून द्यावा.

एकच रॉड घेणे परवडत असेल, आणि मांडवी, शापोरा किंवा साळ नदीच्या काठावरून बारा ते वीस ग्रॅमचे ल्युअर फेकायचे असतील, तर सात फुटी, मीडियम पॉवरचा, मॉडरेट फास्ट अ‍ॅक्शनचा, 7 ते 28 ग्रॅमचा रॉड आणि पीई 1.5 ची लाइन असा मेळ मी सुचवेन. तो खारफुटीत थोडा कमी पडतो आणि समुद्रकिनाऱ्यावर फेकायला थोडा आखूड पडतो. पण त्याच्यातले उणेपण आधीच ठाऊक असल्यामुळे त्याला सांभाळून घेता येते. दोन रॉड परवडत असतील तर दुसरा मीडियम हेवी फास्ट असावा, होडीत वापरायचा असेल तर साडेसहा फुटांचा. ज्यांच्याकडे माझ्यासारखा एक्स्ट्रा फास्ट रॉड आधीच आहे आणि नवा घ्यायचा नाही, त्यांनी ड्रॅग दोन किलोच्या खाली आणावा, ब्रेडेड लाइनपुढे नायलॉनचा दोन-अडीच मीटर लांब लीडर लावावा, ल्युअर रॉडच्या मर्यादेत बसेल असा 18 ते 20 ग्रॅमचा घ्यावा, तिहेरी गळांच्या जागी एकेरी गळ बसवावेत, आणि मासा जवळ आल्यावर दोन पावले मागे सरकावे, म्हणजे मधली लाइन तेवढीच वाढते. हा शेवटचा उपाय फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे.

यंदा ऑक्टोबरपासून मी वर सांगितलेला मीडियम मॉडरेट फास्ट रॉड वापरतो आहे. वहीत अकरा मासे लागल्याची आणि त्यांतले तीन सुटल्याची नोंद आहे. एकाने गळ सरळ करून टाकला, तो गळच स्वस्तातला होता. दुसरा खारफुटीत गेला, तिथे मी हा रॉड न्यायलाच नको होता. तिसरा काठाशी सुटला खरा, पण लाइन ओढून पाहिली तेव्हा लीडर चाकूने कापल्यासारखा दिसला. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि लीडर तिच्यावर घासला होता. तेव्हापासून मी लीडर 30 पौंडांऐवजी 40 पौंडांचा लावतो.